सभागृहातला जुना व्हीजीए-ऑडिओ इंटरफेस काढून टाकण्याआधी

विचारणा अशी आहे. एका महाविद्यालयाच्या सभागृहात पोडियमच्या आत धातूचा एक जुना डबा बसवलेला आहे. त्याच्या पुढच्या बाजूला व्हीजीए, म्हणजे संगणकाचं चित्र घेणारं जुनं सॉकेट, आणि हेडफोनच्या पिनसारखं आवाजाचं सॉकेट आहे. मागच्या बाजूला पाच बीएनसी (फिरवून बसवायचे गोल कनेक्टर), स्क्रूने तारा आवळायचा हिरवा कनेक्टर आणि गेन, पीकिंग, एच-शिफ्ट, सिंक अशी बटणं आहेत. तिथून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत साधारण २२ मीटर केबल गेली आहे. चित्र काळपट दिसतं, अक्षरांच्या उजवीकडे सावली पडते, स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो. विक्रेत्याचं म्हणणं, डबा गेला, सगळं नवीन करा. करावं का?

आत्ताच काही काढू नका. मी पंचवीस वर्षं सभागृहांची आणि वर्गांची दृकश्राव्य जोडणी करतो. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगवेगळी असणार, आणि तिन्हींमध्ये डबा निर्दोष निघण्याची शक्यता बरीच आहे. त्यावरचं प्रत्येक बटण वाटेत होणाऱ्या कुठल्या ना कुठल्या नुकसानीची भरपाई करण्यासाठी दिलेलं असतं. नुकसान कुठलं ते कळलं, की कुठल्या बटणाला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे आपोआप कळतं.

व्हीजीए आलं १९८७ साली, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. पंधरा पिनांच्या त्या कनेक्टरमधून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे सिग्नल जातात. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत प्रत्येकाची उंची जेमतेम ०.७ व्होल्ट. ओळ कधी सुरू करायची आणि पान कधी सुरू करायचं, हे सांगणाऱ्या आडव्या-उभ्या सिंकच्या दोन तारा वेगळ्या, त्या सुमारे ५ व्होल्टच्या. ही सगळी रचना संगणकाशेजारी टेबलावर ठेवलेल्या मॉनिटरसाठी होती, दीड-दोन मीटर केबलपुरती. तोच सिग्नल सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेण्यासाठी मध्ये कुणीतरी ताकद देणारं, सिंक नीट करणारं आणि सोबत आवाजही वाहून नेणारं लागतं. तो हा इंटरफेस.

आता काळपट चित्राकडे वळू. पोडियमवर वक्त्यासाठी छोटा मॉनिटर आहे का? असेल, तर तो कुठून जोडलाय ते आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी कुणीतरी बाजारातून दोन शेपट्यांची वाय केबल आणून लॅपटॉपचं आउटपुट दोघांत वाटलेलं असतं. लॅपटॉपची अपेक्षा असते की पलीकडे एकच ७५ ओहमचा भार, म्हणजे सिग्नल जिरवणारा रोध, असेल. तसा असला की ०.७ व्होल्ट मिळतात. दोन भार समांतर लागले की तेच ०.४७ व्होल्टच्या आसपास उतरतं. म्हणजे एक तृतीयांश सिग्नल तिथेच गेला. मग लोक प्रोजेक्टरचा दिवा बदलतात, आणि तो स्वस्त नसतो. उलट शेवटच्या टोकाला भारच नसला, तर तारेवर १.४ व्होल्टपर्यंत चढतं, पांढरा भाग भगभगीत होतो आणि पांढऱ्याजवळच्या करड्या छटा त्यात विरघळून जातात.

तुमच्या डब्यावर ‘लोकल मॉनिटर’ लिहिलेलं एक व्हीजीए आउटपुट बहुधा असेल. ते याचसाठी दिलेलं असतं. आतल्या सर्किटमधून मॉनिटरला वेगळा, स्वतःची ताकद असलेला सिग्नल मिळतो, त्यामुळे प्रोजेक्टरच्या वाट्याला हात लागत नाही. वाय केबल काढा, मॉनिटर तिथे लावा. काळपटपणाची निम्मी तक्रार इथेच मिटलेली मी अनेकदा पाहिली आहे. काही डब्यांवर ‘७५ ओहम’ आणि ‘हाय-झेड’ (म्हणजे भार न टाकणारा) असा छोटा स्विचही असतो. त्याचा नियम एकच: तारेच्या शेवटच्या उपकरणावर ७५ ओहम, मधल्यांवर हाय-झेड.

अक्षरांची सावली हा याच भाराच्या गणिताचा दुसरा चेहरा. सिग्नल तारेतून मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेत जातो. टोकाला भार जुळला नाही, की त्याचा काही भाग भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा परत फिरतो. सुरुवातीचं टोकही जुळलेलं नसलं, तर तिथून पुन्हा उसळून तो उशिरा पडद्यावर पोचतो. १०२४ × ७६८ ला, ६० हर्ट्झवर, एक ठिपका साधारण १५ नॅनोसेकंदांचा असतो. म्हणून १० मीटरच्या तुकड्यातली ही जादा ये-जा १०० नॅनोसेकंदांची, म्हणजे सहा-साडेसहा ठिपके उजवीकडे सावली. हे गणित उलटं वापरता येतं. पडद्याजवळ जा, एका उभ्या काळ्या रेषेपासून सावली किती ठिपक्यांवर आहे ते मोजा, आणि गोंधळ किती लांबीच्या तुकड्यात आहे याचा अंदाज बांधा. तुमच्या २२ मीटरच्या केबलमध्ये सावली सहा ठिपक्यांवर पडत असेल, तर पूर्ण केबलपेक्षा मधला एखादा जोड तपासणं शहाणपणाचं. छतातली जंक्शन पेटी उघडा.

तिथे काय सापडतं? एका तालुक्याच्या सभागृहात मला मधले चार मीटर जुन्या संगणक-नेटवर्कमधून उरलेल्या कोअक्स केबलचे (मध्ये एक तार, भोवती जाळी) सापडले होते. हातात घेतली तर जाडी तीच, कनेक्टरही बीएनसीच. पण नेटवर्कची ती केबल ५० ओहमची असते आणि व्हिडिओची ७५ ची. जिथे दोन्ही जोडल्या जातात, तिथे सिग्नलच्या उंचीचा पाचवा हिस्सा परत फिरतो. केबलच्या अंगावरचा छापा वाचा. आरजी-५८ असेल तर ती काढा, आरजी-५९ असेल तर चालेल. त्या सभागृहात चार मीटर बदलले आणि वर्षानुवर्षांची सावली गेली. डबा तसाच राहिला.

मग गेन आणि पीकिंग. ही दोन्ही बटणं भार जुळवून झाल्यावर, आणि याच क्रमाने. गेन संपूर्ण सिग्नलची उंची वाढवतो, पीकिंग फक्त त्यातल्या झपाट्याने बदलणाऱ्या भागाची. लांब केबल जास्त वारंवारता जास्त खाते, म्हणून पीकिंग लागतं.

हे डोळ्यांनी जोखायला आपली लिपी फार उपयोगी पडते. व्हीजीएचं चित्र डावीकडून उजवीकडे ओळीओळीने काढलं जातं. शिरोरेषा म्हणजे त्या ओळीतला एक सलग लांब काळा तुकडा, सिग्नलच्या दृष्टीने संथ. काना म्हणजे एक-दोन ठिपक्यांत काळं होऊन परत पांढरं, म्हणजे सगळ्यात वेगवान. केबल कमी पडत असेल तर शिरोरेषा ठसठशीत राहते आणि काने करडे, पुसट होतात. म्हणून मी लॅपटॉपवर पांढऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘काका मामा दादा बाबा’ अशा ओळी भरून ठेवतो. लॅपटॉप प्रोजेक्टरच्या मूळ रेझोल्यूशनवर ठेवायचा, पीकिंग शून्यावरून हळूहळू चढवायचं आणि काना शिरोरेषेइतका काळा झाला की थांबायचं. आणखी चढवलंत तर कान्याच्या उजव्या कडेला पांढरी झळाळी उमटते. ती दुरून छान, टोकदार वाटते, पण पाऊण तास स्लाइड वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळे तिने दमतात. एक पायरी मागे या.

त्याआधी, गेनसाठी पांढऱ्याच्या अगदी जवळच्या करड्या छटांचे चौकोन घ्या. शेवटचे दोन चौकोन एकमेकांत मिसळेपर्यंत गेन वाढवा, मग ते पुन्हा वेगळे दिसतील इतका कमी करा.

माहितीपत्रकात बँडविड्थ, म्हणजे किती वेगवान सिग्नल नेता येतो ते, ३०० किंवा ४०० मेगाहर्ट्झ लिहिलेली असते आणि लोक विचारतात, इतकी कशाला? १०२४ × ७६८ चा ठिपक्यांचा वेग ६५ मेगाहर्ट्झ. एक काळा एक पांढरा अशी नक्षी ३२.५ मेगाहर्ट्झची झाली, आणि तिच्या कडा सरळ उभ्या दिसायच्या तर त्याच्या तिप्पट तरी वाट मोकळी हवी. पुन्हा स्विचर, वितरक, इंटरफेस असे टप्पे एकामागून एक लागले की प्रत्येक थोडंथोडं खातो. म्हणून एकेका उपकरणाकडे भरपूर शिल्लक असावी लागते. १०८०पी व्हीजीएवरून न्यायचं तर वेग १४८.५ मेगाहर्ट्झवर जातो. तिथे मॉनिटरबरोबर फुकट आलेली बारीक केबल पाच-सात मीटरनंतर उघडी पडते.

एच-शिफ्टला हात लावू नका. हे बटण तीन नळ्यांच्या सीआरटी प्रोजेक्टरच्या काळातलं. इंटरफेस सिंकची वेळ मागेपुढे सरकवून चित्र मध्यावर आणत असे. तुमचा प्रोजेक्टर एलसीडी किंवा डीएलपी आहे, तो स्वतः सिंक मोजून सिग्नलचं डिजिटल करतो. सिंक इकडेतिकडे केलेलं मिळालं तर त्याची मोजणी चुकते, आणि डावी कड कापली जाते किंवा चित्र थरथरतं. एक्स्ट्रॉनच्या इंटरफेसवर ‘डीडीएसपी’ नावाचा स्विच दिसतो, त्याचा अर्थच सिंकवर कुठलीही प्रक्रिया न करता ते जसंच्या तसं पुढे पाठवा. दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर नाव वेगळं असेल. डिजिटल प्रोजेक्टरला तो चालू, आणि मधे आणणं, सरकवणं हे प्रोजेक्टरच्या मेन्यूतून. ‘सिंक ऑन ग्रीन’ (सिंक हिरव्याच्या तारेतूनच पाठवणं) असा पर्याय असेल तर तो बंद. ती सोय जुन्या वर्कस्टेशनसाठी, आणि तुमच्याकडे सिंकला स्वतंत्र दोन बीएनसी आहेत.

प्रोजेक्टरच्या मेन्यूत ‘फेज’ आणि ‘क्लॉक’ किंवा ‘ट्रॅकिंग’ असे दोन आकडे असतात. पडद्यावर काही भाग स्पष्ट आणि मध्ये अस्पष्ट उभे पट्टे दिसले, तर दोष केबलचा नाही, क्लॉकचा. १०२४ ठिपक्यांच्या एका ओळीत दिसणारे आणि न दिसणारे मिळून १३४४ ठिपके असतात. प्रोजेक्टरने १३४२ धरले की पडद्यावर बरोबर दोन अस्पष्ट पट्टे. पट्टे मोजा, तितका आकडा सरकवा. सगळं चित्र सारखंच अस्पष्ट असेल तर फेज बदला. हे सगळं पीकिंगच्या आधी करा, नाहीतर प्रोजेक्टरचा दोष तुम्ही पीकिंगने झाकत बसाल.

रंगाची गडबड झाली तर शोध सोपा. पांढरं पान पिवळं दिसलं तर निळी तार सुटली, जांभळट गुलाबी दिसलं तर हिरवी, निळसर हिरवं दिसलं तर लाल. बीएनसी ओढून पाहा. पावसाळ्यानंतर जमिनीतल्या पेटीतला कनेक्टर काळवंडलेला सापडणं आपल्याकडे नवीन नाही.

‘नवा लॅपटॉप लावला की चित्रच येत नाही’ ही तक्रार पुढेमागे येईल, म्हणून आत्ताच सांगतो. व्हीजीएच्या पिन १२ आणि १५ वरून संगणक समोरच्या पडद्याची माहिती, म्हणजे ईडीआयडी, वाचतो. पाच बीएनसींमध्ये त्या तारा नाहीत. डबा स्वतः ती माहिती देत नसेल तर लॅपटॉपला पलीकडे कोण आहे हे कळत नाही, आणि तो अंदाजाने काहीतरी पाठवतो किंवा गप्प बसतो. लोकल मॉनिटर जोडलेला असेल तर बऱ्याच डब्यांत त्याची माहिती लॅपटॉपपर्यंत पोचते. म्हणून तो मॉनिटर आणि प्रोजेक्टर शक्यतो एकाच रेझोल्यूशनचे ठेवा. आजच्या लॅपटॉपना व्हीजीए नाही, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआयच्या पिनवर ५ व्होल्ट असतात, पण लॅपटॉपने निदान ५५ मिलिअँपिअर द्यावेत इतकीच अट आहे. कन्व्हर्टरला त्याहून जास्त लागलं की चित्र मधूनच जातं. यूएसबीने वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर घ्या. आणि कॉपी-संरक्षण असलेला चित्रपट या वाटेने दिसला नाही, तर ती अडवणूक मुद्दाम केलेली असते. तिथे केबल तपासत बसू नका.

आता आवाज. माझ्या मते या डब्याचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि लोक त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघतात.

लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून येणारा आवाज अनबॅलन्स्ड असतो. डावा, उजवा आणि दोघांची मिळून एक जमीन, म्हणजे ग्राउंडची तार. टेबलावर दीड मीटरला ठीक. पण तोच २० मीटर दूरच्या अँप्लिफायरपर्यंत विजेच्या तारांशेजारून नेला, की वाटेतली सगळी गुणगुण तो उचलतो. इंटरफेस त्याचं बॅलन्स्ड करतो. प्रत्येक बाजूचा सिग्नल दोन तारांवर, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. वाटेतला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो. पलीकडचा मिक्सर दोघांची वजाबाकी करतो, गोंगाट जातो, आवाज उरतो. शिवाय घरगुती उपकरणांची उणे १० डीबीव्ही पातळी व्यावसायिक अधिक ४ डीबीयूवर नेता येते. हा फरक जवळजवळ १२ डेसिबलचा, म्हणजे चौपट व्होल्टेजचा.

तो हिरवा कनेक्टर, आपल्याकडे सगळे त्याला फिनिक्स म्हणतात, पाच खाचांचा असतो. डाव्याचे अधिक-उणे, मध्ये जमीन, उजव्याचे अधिक-उणे. तारेची टोकं साधारण ५ मिलिमीटर सोला, नुसती पीळ देऊन घाला आणि स्क्रू आवळा. टोकाला सोल्डरचा डाग देऊ नका. शिसं-कथिल स्क्रूखाली हळूहळू दबतं, वर्षभरात तार सैल होते, आणि कार्यक्रमाच्या मध्यावर खरखर सुरू होते. पलीकडचं उपकरण अनबॅलन्स्ड असेल तर अधिक आणि जमीन या दोनच खाचा वापरा. उणे खाच मोकळी सोडा, ती जमिनीला जोडू नका. तिथेही आउटपुट आहे, जमिनीला टेकवलंत तर ते शॉर्ट होतं.

एक दोष मला इतक्या ठिकाणी भेटलाय की वेगळा सांगतो. ‘व्हिडिओ लावला की संगीत येतं पण बोलणाऱ्याचा आवाज येत नाही.’ लोक व्हिडिओची फाइल बदलतात, लॅपटॉप बदलतात. मिक्सरकडे जाऊन पाहावं तर लॅपटॉपच्या स्टिरिओ केबलचं दुसरं टोक मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातलेलं असतं. मिक्सरला वाटतं हे सरळ आणि उलटं आहे, म्हणून तो डाव्यातून उजवा वजा करतो. बोलणं दोन्ही बाजूंना अगदी सारखं असतं, म्हणून ते शून्य होतं. संगीतात डावीकडे-उजवीकडे फरक असतो, तेवढं उरतं. आवाज डब्यातून घेऊन डावा एका चॅनेलला, उजवा दुसऱ्याला, असे स्वतंत्र जोडा. एकच चॅनेल रिकामा असेल तर दोन्ही तारा थेट पिळू नका. प्रत्येकीत सुमारे १ किलोओहमचा रोधक घालून मग जोडा.

राहिली तुमची घूं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. आवाज बंद झाला तर तो ग्राउंड लूप आहे. पोडियमचं सॉकेट, अँप्लिफायर आणि छतावरचा प्रोजेक्टर वेगवेगळ्या फेजवर, वेगवेगळ्या अर्थिंगवर असतात आणि त्यांच्यातला फरक तुमच्या केबलच्या शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, वाहतो. चित्रातही तो दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि चित्र ६० चं, म्हणून पट्टा सावकाश वर सरकताना दिसत नाही, सेकंदाला दहा वेळा फिरतो. पडद्यावर पाणी हलल्यासारखी बारीक थरथर दिसते. मल्टिमीटर एसीवर ठेवून यातल्या दोन-दोन ठिकाणच्या अर्थमध्ये व्होल्टेज मोजून घ्या. ते जवळपास शून्य यायला हवं. व्होल्टभर किंवा जास्त आलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तिन्ही ठिकाणं एका फेजवर, एका अर्थपट्टीवर आणा. तोपर्यंत लॅपटॉप आणि डब्याच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता आवाज पुढे देणारा) लावलात तर घूं थांबेल.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन मोडू नका, तिच्यावर चिकटपट्टीही लावू नका. एका सभागृहात कुणीतरी तसं केलेलं होतं. गुणगुण खरंच गेली होती. पण पोडियमच्या धातूच्या कडेवर हात ठेवून माइक धरणाऱ्याला झिणझिण्या येत. समारंभात त्या जागी दिवसभर विद्यार्थी येऊन बक्षिसं घेत होते. मी ती पिन आधी बदलली, मगच बाकीचं काम हातात घेतलं.

बदलायचं केव्हा? लॅपटॉप आता व्हीजीए देत नाहीत, त्यामुळे एक ना एक दिवस चित्राची वाट बदलावीच लागेल. एएमडी, इंटेल आणि मोठ्या संगणक कंपन्यांनी २०१० सालीच २०१५ पर्यंत व्हीजीए मागे सोडण्याची घोषणा केली होती. पैसे मिळतील तेव्हा २२ मीटरसाठी साधी एचडीएमआय केबल टाकू नका, तांब्याची साधी केबल इतक्या अंतरावर भरवशाची राहत नाही. कॅट-६ नेटवर्क केबलवरून एचडीएमआय नेणारं एचडीबेसटी किंवा आतून ऑप्टिकल फायबर असलेली एचडीएमआय घ्या. तेव्हा एक अडचण हमखास येते. एचडीएमआयमधून आवाजही छतावरच्या प्रोजेक्टरकडे निघून जातो आणि अँप्लिफायर खालीच राहतो. पोडियममध्येच आवाज वेगळा काढणारा डी-एम्बेडर लावा आणि त्याचं आउटपुट या जुन्या डब्याच्या आवाजाच्या सॉकेटमध्ये द्या. बॅलन्स्ड लाइन तयार आहे, ओळखीची आहे, चालू आहे.

आणि पाइपातल्या त्या पाच कोअक्स केबल्स ओढून काढू नका. त्या आरजी-५९ असतील तर प्रत्येक केबल कॅमेऱ्याचा एचडी-एसडीआय, म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांचा डिजिटल व्हिडिओ सिग्नल आरामात नेईल. पुढच्या वर्षी व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित करायची ठरली, तर मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यासाठी छत पुन्हा फोडावं लागणार नाही. तोवर दोन्ही टोकांना पाचही केबल्सवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून ठेवा, आणि गेन-पीकिंगचे ठरलेले आकडे डब्याच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा.